कालव्यावरची बोट: जागा, विमा आणि परवाना कोणत्या क्रमाने करायचा

इंग्लंड आणि वेल्समधल्या कालव्यांवर नॅरोबोट, म्हणजे तिथली लांब-अरुंद बोट, घेणाऱ्यांचं घोडं बहुतेक वेळा क्रम चुकल्यामुळे अडतं. बोट पसंत पडते, पैसे दिले जातात, आणि मग विम्याची शोधाशोध सुरू होते. विमा कंपनी सांगाड्याच्या (बोटीच्या तळाच्या आणि बाजूंच्या पोलादाच्या) तपासणीचा अहवाल मागते, तो हाताशी नसतो. विम्याशिवाय परवाना नाही, परवान्याशिवाय बहुतेक मरीना (बोटी ठेवायचे तळ) आत घेत नाहीत, आणि जुन्या मालकाची जागा तर महिनाअखेरीला सोडायची असते. यातली प्रत्येक गोष्ट सुटते, पण घाईत आणि जादा पैसे मोजून. म्हणून खालच्या पायऱ्या दिलेल्या क्रमानेच करा.

## 1. आधी पाणी कोणाचं ते पाहा

कालवे आणि नद्यांचा मोठा भाग, सुमारे 2,000 मैल, कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट या संस्थेकडे आहे. भरतीचं पाणी न पोहोचणारी थेम्स, मेडवे, नेन आणि ग्रेट ऊझ या नद्या एन्व्हायर्नमेंट एजन्सी या सरकारी संस्थेकडे आहेत. नॉरफोकचे ब्रॉड्स, ब्रिजवॉटर कालवा, बेसिंगस्टोक कालवा आणि केम्ब्रिजजवळची कॅम यांचे कारभारी वेगळे. स्कॉटलंडचे कालवे स्कॉटिश कॅनल्सकडे, आणि तिथले नियमही वेगळे.

एकाचा परवाना दुसऱ्याच्या पाण्यात आपोआप चालत नाही. ट्रस्टच्या कालव्यांवर राहून वर्षातून एकदा थेम्सवर जायचं असेल, तर एजन्सीची थोड्या दिवसांची नोंदणी पुरते. दोन्हीकडे बराच वावर असेल तर दोन्ही पाण्यांवर चालणारा ‘गोल्ड लायसन्स’ घ्या. तो कॅलेंडर वर्षाप्रमाणे चालतो. बोट फक्त ट्रस्टच्या नद्यांवर राहणार असेल तर नद्यांपुरती स्वस्त नोंदणी मिळते. मात्र तिच्यावर कालव्यात शिरता येत नाही, अगदी पाणी भरायला किंवा दुरुस्तीलाही नाही.

पुढचं सगळं ट्रस्टच्या पाण्याबद्दल आहे, कारण बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात.

## 2. बोटीआधी जागा

लोक या पायरीकडे सर्वात उशिरा वळतात. परवान्याच्या अर्जात दोनपैकी एक पर्याय निवडावाच लागतो: बोट कायदेशीरपणे ठेवता येईल अशी कायमची जागा, म्हणजे होम मूरिंग, किंवा सतत फिरत राहण्याची हमी. हे 1995 च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्याच्या कलम 17 मध्ये आहे. मधला मार्ग नाही.

जागा शोधण्याआधी मापं पक्की करा. अरुंद कालव्यांची लॉक (पाण्याची पातळी बदलून बोट चढवणारे-उतरवणारे दरवाज्यांचे कप्पे) साधारण 7 फूट रुंदीची असतात, म्हणून नॅरोबोट 6 फूट 10 इंच रुंद बांधतात. 10-12 फूट रुंदीची बोट, म्हणजे वाइडबीम, त्या कालव्यांत जाऊच शकत नाही. लांबीचं भानही ठेवायला हवं: कॅल्डर अँड हेबल कालव्याची लॉक आखूड आहेत, म्हणून ‘कुठेही जाणारी बोट’ म्हणून 57 फुटांचा आकडा ऐकू येतो. लीड्स-लिव्हरपूलच्या बऱ्याच भागात मर्यादा 62 फुटांची आहे. 70 फुटी बोट घेऊन उत्तरेकडे भटकायचा विचार असेल तर तो आत्ताच सोडा.

जागेचे मुख्य प्रकार चार: मरीना, कालव्याच्या काठाला सलग असलेली जागा, शेतकऱ्याच्या बांधालगतची जागा, आणि एखाद्याच्या परसाला लागलेला काठ. कोणतीही घ्या, करार मुळातून वाचा आणि एवढं विचारून घ्या:

- किती लांबीपर्यंत परवानगी आहे आणि पाण्याची खोली किती? नॅरोबोटीला अडीच फूट तरी हवी, उन्हाळ्यातही.
- बोटीवर राहायची परवानगी आहे का? बहुतेक जागा फक्त फिरायच्या बोटींसाठी असतात. निवासी जागेला नियोजन परवानगी लागते आणि कौन्सिल टॅक्स (घरपट्टीसारखा स्थानिक कर) देखील येऊ शकतो.
- विजेचा मीटर स्वतंत्र आहे का? दर युनिटला किती?
- नोटीस किती दिवसांची? बोट विकायची झाली तर जागा नव्या मालकाकडे जाते का? सहसा जात नाही.

सावधान: ‘सगळेच राहतात, कोणी काही बोलत नाही’ हे उत्तर चालवून घेऊ नका. फिरण्याच्या जागेवर कायमचं राहणं हा कराराचा भंग आहे, आणि विमा कंपनीला तुम्ही दुसरंच काही सांगितलं असेल तर दाव्याच्या वेळी तो अंगाशी येतो.

### फिरत राहण्याचा पर्याय

कायमची जागा नको असेल तर ‘कन्टिन्युअस क्रूझर’ म्हणून परवाना मिळतो. लोकांना यातला 14 दिवसांचा आकडा तेवढा माहीत असतो, आणि घोटाळा तिथेच होतो. एका ठिकाणी सलग 14 दिवसांहून जास्त राहायचं नाही, हे खरं. पण कायद्याला परवान्याच्या संपूर्ण काळात खरोखरचा जलप्रवास अपेक्षित आहे. दोन पुलांच्या मधे पुढे-मागे सरकत राहिलं तर 14 दिवसांचा नियम पाळूनही नूतनीकरण अडतं. वर्षभरातला पल्ला 15-20 मैलांपेक्षा कमी असेल तर ट्रस्टचं समाधान होण्याची शक्यता फारच थोडी. ट्रस्टचे कर्मचारी काठाने चालत बोटींचे नंबर नोंदवत असतात, तेव्हा तुमच्याकडेही तारीख आणि पुलाचा क्रमांक टिपलेली वही असू द्या.

नोकरीची जागा किंवा मुलांची शाळा ठरलेली असेल तर हा पर्याय घेऊ नका. स्वस्त वाटतो, पण वर्षभर ओढाताण होते. शिवाय एप्रिल 2024 पासून या परवान्यावर अधिभारही आहे.

इंजिन बंद पडलं, आजारपण आलं, लॉक बंद झालं, तर मुदत संपायच्या आत ट्रस्टला कळवून वाढ मागा. नंतर दिलेलं कारण खरं असलं तरी नोंद मुदत ओलांडल्याचीच होते.

## 3. मालकीचे कागद

गाडीला जसं नोंदणी पुस्तक असतं तसं कालव्यावरच्या बोटीला नसतं. ट्रस्टचा इंडेक्स नंबर बोटीची ओळख सांगतो, मालकी नाही. म्हणून मागच्या विक्रीची खरेदीखतं, बांधणीचं मूळ बिल, दुरुस्तीच्या पावत्या हे सगळं मागा. 1998 च्या जूननंतर बांधलेल्या बोटीच्या सांगाड्यावर 14 अक्षरी ओळख क्रमांक कोरलेला असतो. तो कागदावरच्या क्रमांकाशी अक्षरन् अक्षर ताडून पाहा. बोटीवर कर्ज आहे का ते विचारा, आणि ‘कर्ज नाही’ हे खरेदीखतात लिहून घ्या.

अनामत देताना करारात ‘समाधानकारक तपासणीच्या अटीवर’ हे शब्द हवेतच. ते नसतील तर पुढच्या पायरीला काही अर्थ उरत नाही.

## 4. बोट पाण्याबाहेर काढून तपासणी

ड्राय डॉक, स्लिपवे किंवा क्रेन, काहीही चालेल, पण पाण्यात असलेल्या बोटीची तपासणी ही तपासणी नव्हे. खर्च खरेदीदाराचा. सर्व्हेअर तुम्ही निवडा, विक्रेत्याने किंवा दलालाने सुचवलेला घेऊ नका.

आधुनिक नॅरोबोटीचं पोलाद सहसा ‘10-6-4’ असतं: तळ 10 मिलिमीटर, बाजू 6, केबिन 4. सर्व्हेअर अल्ट्रासोनिक यंत्राने ठिकठिकाणी जाडी मोजतो. अहवालात दोन आकडे पाहायचे असतात, लोक एकच पाहतात. समजा बाजूची जाडी 5.1 मिलिमीटर लिहिली आहे. वाचून बरं वाटतं. पण त्याच पत्र्यावर पाण्याच्या रेषेजवळ 1.6 मिलिमीटर खोल खड्डे असतील तर तिथे उरलं 3.5. बऱ्याच विमा कंपन्या किमान 4 मिलिमीटर मागतात. म्हणजे सरासरी ठीक असूनही ही बोट पूर्ण विम्याला नापास, आणि वर नवा पत्रा चढवायचा खर्च समोर उभा. तो किमतीतून वजा करून घ्यायची वेळ हीच.

खड्डे का पडले तेही विचारा. मरीनात किनाऱ्याच्या विजेला जोडलेली बोट अर्थच्या तारेतून शेजारच्या बोटींशी जोडली जाते, आणि गॅल्व्हनिक आयसोलेटर (त्या तारेतला झिजवणारा प्रवाह अडवणारं उपकरण) नसेल तर पोलाद झिजतं. दुसरं कारण चुकीचे अ‍ॅनोड, म्हणजे पोलादाऐवजी स्वतः झिजणारे धातूचे ठोकळे. गोड्या पाण्याला मॅग्नेशियमचे लागतात. जस्ताचे तिथे जवळजवळ नुसते लटकून राहतात. तिसरं, ब्लॅकिंग. डांबराचा थर साधारण दर 2 ते 3 वर्षांनी नव्याने द्यावा लागतो. शेवटचा कधी दिला याची पावती मागा, तोंडी तारीख नको.

तपासा: अहवालाच्या शेवटी शिफारशींची यादी असते. ‘तातडीने’, ‘12 महिन्यांत’, ‘सुचवणी’ असे भाग पाडा. विमा कंपनी पहिल्या भागाचं काम पूर्ण झाल्याचा पुरावा मागते, म्हणून कामाच्या पावत्या आणि फोटो अहवालासोबत एकाच फाइलमध्ये ठेवा.

## 5. बोट सेफ्टी स्कीमचं प्रमाणपत्र

हे 4 वर्षं चालतं आणि बोटीसोबत नव्या मालकाकडे येतं. क्रमांक घेऊन ते अजून चालू आहे का ते पाहा. मुदत संपायला चार-सहा महिनेच उरले असतील तर नवी तपासणी विक्रेत्याकडून करून घ्यायला सांगण्यात गैर काही नाही. नव्या बोटीला, बांधणाऱ्याचं अनुरूपतेचं घोषणापत्र (बोट नियमांप्रमाणे बांधल्याचं) असेल तर, पहिली 4 वर्षं याऐवजी तेच चालतं.

सर्वात महागात पडणारा गैरसमज असा: या प्रमाणपत्राचा सांगाड्याशी काहीही संबंध नाही. ते आग, स्फोट आणि प्रदूषण यांचा धोका तपासतं. तळाला कागदासारखा पातळ पत्रा असलेली बोटही यात पास होऊ शकते. चौथी पायरी टाळायला हे कारण होऊ शकत नाही.

परीक्षक येण्याआधी स्वतः बघून घ्यायच्या गोष्टी:

- गॅसच्या टाकीचा कप्पा बोटीच्या आतल्या बाजूने हवाबंद आहे का, आणि तळाशी गॅस बाहेर जायचं भोक मोकळं आहे का. एलपीजी हवेपेक्षा जड असतो; भोक पानांनी, गंजाने किंवा रंगाने बुजलं की तो तळाशी साठतो. नापास होण्याचं हे नेहमीचं आणि फुकटात सुटणारं कारण.
- गॅसच्या रबरी नळ्यांवर मानकाचा छाप वाचता येतो का. नळी तडकलेली नाही ना.
- बॅटऱ्या हलणार नाहीत अशा बांधल्या आहेत का, टोकं झाकली आहेत का, मुख्य स्विच हाताला लागेल असा आहे का.
- 11 मीटरपेक्षा लांब बोटीवर किमान 3 अग्निशामक, प्रत्येकी निदान 5ए/34बी क्षमतेचे. स्वयंपाकघर असेल तर फायर ब्लँकेटही.
- कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. राहण्याची केबिन असलेल्या बोटींना 1 एप्रिल 2019 पासून तो बंधनकारक आहे. बटण दाबून वाजतो का पाहा आणि अलार्मवरची मुदतीची तारीखही वाचा.

सावधान: बोटीवर मुख्यतः राहणार असाल तर गॅसचं काम ‘गॅस सेफ’ या गॅस कारागिरांच्या अधिकृत यादीत नोंदणी असलेल्या, आणि बोटींची पात्रता असलेल्या कारागिराकडूनच करून घ्या. घरच्या गॅसचं काम करणाऱ्या प्रत्येकाकडे ती पात्रता नसते.

## 6. विमा

परवान्यासाठी ट्रस्टची किमान अट आहे ती तृतीय पक्षाच्या नुकसानीसाठी 20 लाख पौंडांच्या संरक्षणाची. एवढाच विमा स्वस्तात आणि बऱ्याचदा तपासणी अहवालाशिवाय मिळतो, म्हणून जुन्या बोटीचे मालक तिथेच थांबतात. त्यात तुमची स्वतःची बोट भरून मिळत नाही. पूर्ण विम्यासाठी 20 ते 30 वर्षांहून जुन्या पोलादी बोटीला कंपन्या पाण्याबाहेरच्या तपासणीचा ताजा अहवाल मागतात. वयाची मर्यादा कंपनीगणिक बदलते.

दोन्ही प्रकारांत एक कलम मी आधी शोधेन: बुडालेली बोट उचलून काढण्याचा खर्च. कालव्यात बुडालेली बोट वाट अडवते, डिझेल सांडते, आणि ती काढायची जबाबदारी मालकाची. क्रेन, पाणबुडे, पाण्यावरचं तेल अडवणारे पट्टे यांचं बिल जुन्या बोटीच्या किमतीपेक्षा जास्त होऊ शकतं. काही स्वस्त पॉलिसींत हे कलम नसतं किंवा रक्कम तोकडी असते.

अर्ज भरताना या गोष्टी खऱ्याखुऱ्या सांगा, विचारल्या नसल्या तरी: बोटीवर राहता का, भाड्याने देणार का, कोण कोण चालवणार, कायमची जागा आहे का. राहणाऱ्यांची आणि सुट्टीत फिरणाऱ्यांची पॉलिसी वेगळी असते. बोट भाड्याने द्यायची तर परवाना, सुरक्षा प्रमाणपत्र आणि विमा तिन्ही व्यवसायाचे लागतात.

आता जे भरून मिळत नाही ते. गंज, झीज आणि हळूहळू होणारा बिघाड सहसा वगळलेला असतो. भरती-ओहोटीच्या पाण्यावर, म्हणजे टेडिंग्टनखालची थेम्स किंवा ट्रेंटचा खालचा भाग, जायचं तर बऱ्याच पॉलिसींत आधी परवानगी लागते. थंडीत पाइप गोठून फुटले तर कंपनी विचारते की पाणी काढून टाकलं होतं का.

बोटी बुडतात त्या वादळाने क्वचित. खरी कारणं साधी असतात. बोट ढकलणाऱ्या पंख्यात अडकलेली चिंधी काढल्यावर वीड हॅचचं (पंख्यापर्यंत हात घालायच्या भोकाचं) झाकण नीट न आवळता इंजिन सुरू करणं, आणि मग पंख्याने उडवलेलं पाणी इंजिनाच्या खोलीत भरत जाणं. लॉकमधून खाली उतरताना मागचं टोक सिलवर, म्हणजे वरच्या दरवाज्याखालच्या दगडी पायरीवर, टेकणं. पाणी उतरत राहतं, मागची बाजू वर अडकते आणि पुढून पाणी शिरतं. आणि स्टर्न ग्लँडमधून (पंख्याचा दांडा सांगाड्यातून बाहेर पडतो तिथल्या सीलमधून) टपटप गळणारं पाणी उपसणारा पंप, ज्याची बॅटरी हिवाळ्यात कोणी पाहिलीच नाही. ही तीन दुर्लक्षं टाळली तर पॉलिसी उघडायची वेळ सहसा येत नाही.

तपासा: पॉलिसीवरचं नाव आणि परवान्यावर येणारं नाव एकच हवं. विमा पैसे देऊन ताबा घ्यायच्या क्षणापासून लागू हवा, दुसऱ्या दिवसापासून नाही.

## 7. परवाना

आधीच्या पायऱ्या झाल्या असतील तर हे अर्ध्या तासाचं काम आहे. ऑनलाइन अर्जात बोटीचा इंडेक्स नंबर, लांबी-रुंदी, सुरक्षा प्रमाणपत्राचा क्रमांक, विम्याचा तपशील आणि मूरिंगचा पत्ता किंवा फिरत राहण्याची घोषणा एवढंच लागतं. शुल्क लांबी-रुंदीवर ठरतं, मापं मीटरमध्ये. जाहिरातीतले फूट तसेच उचलू नका. टेप घेऊन मोजा आणि 0.3048 ने गुणा. 2.16 मीटरपेक्षा रुंद बोटीला जादा शुल्क आहे.

जुन्या मालकाचा परवाना तुमच्याकडे येत नाही, खिडकीला चिकटवलेला असला तरीही. तो रद्द करून उरलेल्या काळाचे पैसे त्याने मागायचे, आणि तुम्ही पहिल्या दिवसापासून स्वतःचा घ्यायचा.

दुसरी चूक गंभीर आहे: अधिभार किंवा फिरणं टाळायला नावापुरती जागा दाखवायची आणि बोट तिथे कधी ठेवायचीच नाही. जागेच्या मालकाकडे विचारणा झाली की हे उघड होतं. आणि जागा खरी असली तरी तिच्यापासून दूर असताना 14 दिवसांचा नियम तुम्हालाही लागू आहे.

बोटीचं नाव, इंडेक्स नंबर आणि परवाना दोन्ही बाजूंनी दिसायला हवा. मरीनात उभ्या बोटीलाही परवाना लागतो, कारण ट्रस्टच्या पाण्याशी जोडलेल्या बहुतेक मरीनांच्या करारातच तसं असतं. विनापरवाना बोट 1983 च्या कायद्याच्या कलम 8 खाली 28 दिवसांची नोटीस देऊन हलवता येते, आणि त्याचा खर्चही मालकाकडूनच वसूल होतो.

## 8. बोट हलवणं आणि बांधणं

हलवायचा दिवस ठरवण्याआधी ट्रस्टचे बंदचे इशारे पाहा. लॉकची मोठी दुरुस्ती नोव्हेंबर ते मार्चमध्ये काढतात. नोव्हेंबरात घेतलेली बोट तुमच्या जागेपासून तीन लॉक अलीकडे महिनाभर अडकू शकते.

1. उभं राहायची जागा निवडा. लॉकच्या तोंडाचे धक्के, पाणी भरायची जागा, बोट वळवायचं रुंद पात्र, पुलाखाली आणि आंधळं वळण इथे बांधायचं नाही. पाटीवर ‘48 तास’ लिहिलं असेल तर तिथे 14 दिवसांचा हिशेब लागू नाही.
2. पुढचा दोर पुढच्या दिशेने आणि मागचा मागच्या दिशेने, काठाशी साधारण 45 अंशात न्या. दोन्ही सरळ काठाकडे बांधले की शेजारून बोट गेल्यावर तुमची बोट पुढे-मागे ओढली जाते आणि खुंट्या सैल होतात.
3. काठाला लोखंडी पत्र्यांची भिंत असेल तर हुक किंवा साखळी वापरा. मातीत खुंटी ठोकायची तर तिचं डोकं पाण्यापासून दूर कललेलं हवं. माती मऊ असेल तर दोन खुंट्या तिरप्या एकमेकींना छेदून ठोका. खुंटीला पांढरं काही बांधा. अंधारात सायकलवाले तिथेच अडखळतात.
4. दोर खुंटीतून फिरवून परत बोटीवर आणून बांधा, म्हणजे आतूनच सैल करता येतो.
5. मधला दोर छतावर गुंडाळून ठेवा. तो फक्त थांबताना वापरायचा. रात्रभर बांधून ठेवला आणि पाणी उतरलं किंवा जवळून बोट वेगाने गेली, तर तो छताच्या उंचीवरून बोट कलती करतो.

नदीवर नाक प्रवाहाच्या उलट दिशेला ठेवा आणि दोरांना पाणी चढ-उतारापुरती ढील द्या. पावसानंतर पातळी रात्रीत बदलते. घट्ट बांधलेली बोट चढत्या पाण्यात काठाकडची बाजू खाली ओढून धरते, उतरत्या पाण्यात दोरावर लटकते. लॉकजवळ जोरदार प्रवाहाचे लाल फलक असतील तर निघूच नका, विमा कंपनीचा पहिला प्रश्न त्या फलकाबद्दल असेल.

## 9. तारखा

चार तारखा एकाच कागदावर लिहून बोटीत लावा: परवाना, विमा, सुरक्षा प्रमाणपत्र, पुढचं ब्लॅकिंग. सुरक्षा प्रमाणपत्राच्या तारखेआधी दोन महिने परीक्षक बोलवा, म्हणजे नापास झालेली एखादी नळी बदलायला वेळ उरतो. प्रमाणपत्र किंवा विमा संपलेला असताना परवान्याचं नूतनीकरण होत नाही, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परीक्षकांच्या तारखा भरलेल्या असतात. ब्लॅकिंगसाठी बोट बाहेर काढाल त्याच दिवशी जाडीची मोजणीही करून घ्या. क्रेनचा खर्च एकदाच होतो आणि विमा कंपनीला द्यायला ताजा अहवाल तयार असतो.